जुनी गाडी : सोनं की भंगार?

आपल्या होस्टेलवर तीन विषयांवर कधीच एकमत होत नाही. मेसची भाजी, सचिन की विराट, आणि पहिल्या पगारात गाडी कोणती घ्यायची. पहिल्या दोन विषयांवर याच अंकात कोणी ना कोणी लिहिलं असेलच, म्हणून मी तिसरा घेतो. माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना पटणार नाही त्यांना सरळ कवितांच्या पानावर जाता येईल. नुकत्याच नोकरीला लागलेल्या बावीस-तेवीस वर्षांच्या माणसानं कर्ज काढून नवी कोरी गाडी घेणं हा शुद्ध वेडेपणा आहे, आणि जुनी गाडी घ्यायला आयुष्यात यापेक्षा चांगलं वय पुन्हा येत नाही. फक्त जुनी म्हणजे किती जुनी, यावर माझी एक अट आहे. ती पुढे येईल.

आपल्या आजोबांच्या काळात हा वाद होतच नव्हता. नवी गाडी पाहिजे तर पैसे भरायचे, नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षं वाट बघायची. बजाजच्या स्कूटरचं तर असं होतं की वापरलेली स्कूटर नव्यापेक्षा जास्त भावानं विकली जायची, कारण ती आज मिळत होती! गाड्या म्हणजे दोनच, अॅम्बेसेडर नाहीतर फियाट. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. तिच्या मुंबईतल्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या फियाटचीच पुढे प्रीमियर पद्मिनी झाली. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि मध्यमवर्गाला पहिल्यांदा वाटलं की चारचाकी आपल्याही दारात उभी राहू शकते. ती जानेवारी २०१४ पर्यंत बनत होती. अॅम्बेसेडरही त्याच वर्षी थांबली. पद्मिनी त्याआधीच बंद झाली होती, पण मुंबईची काळी-पिवळी म्हणून ती २०२३ च्या ऑक्टोबरअखेरपर्यंत रस्त्यावर दिसली, कारण तिथे टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा आहे आणि शेवटच्या पद्मिनीची नोंदणी २००३ ची होती. म्हणजे वीस वर्षं, दिवसरात्र, मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये! आपल्यापैकी किती जणांचे मोबाइल दोन वर्षं टिकतात?

या सगळ्यात मला सगळ्यात जास्त विचार करायला लावते ती नॅनो. २००८ साली टाटांनी लाख रुपयांची गाडी म्हणून ती जगाला दाखवली. इंजिनिअरिंगच्या दृष्टीनं काय जबरदस्त काम होतं ते आपल्या कोणत्याही ऑटोमोबाइलच्या सरांना विचारा. पण लोकांनी तेवढ्याच पैशात, थोडे घालून, सेकंड हॅन्ड मोठी गाडी घेतली. ‘सगळ्यात स्वस्त’ हा शिक्का गाडीला नडला असं पुढे खुद्द रतन टाटांनीही म्हटलं होतं. २०१८ मध्ये नॅनोचं उत्पादन थांबलं. आपण गाडी घेतो तेव्हा चार चाकं विकत घेतो की शेजाऱ्याच्या चेहऱ्यावरचा भाव विकत घेतो, याचं उत्तर नॅनोनं देऊन ठेवलंय.

असो. आता आकडे बघू, कारण इंजिनिअरिंगचं पोट्टं आकड्याशिवाय ऐकत नाही.

माझं घर वर्ध्याला. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. आमच्याकडे २००४ सालची एक छोटी पेट्रोल गाडी आहे. २०१२ च्या दिवाळीत बाबांनी ती ८५ हजाराला घेतली तेव्हाच ती आठ वर्षांची होती. घरात तिला सगळे ‘म्हातारी’ म्हणतात. बाबा गणिताचे मास्तर असल्यामुळे म्हातारीच्या नावाची एक दोनशे पानी वही आहे. त्यात हवा भरल्याचे दहा रुपयेसुद्धा लिहिलेले आहेत. मागच्या दिवाळीच्या सुटीत मी ती पूर्ण वही एक्सेलमध्ये टाकली. (सबमिशनचं काम शिल्लक होतं. अशाच वेळी माणसाला बाकीची कामं सुचतात.)

पेट्रोल आणि इन्शुरन्स सोडून तेरा वर्षांत म्हातारीनं २ लाख १४ हजार खाल्ले. पाच बॅटऱ्या, टायरचे दोन सेट, एक क्लच, दोनदा रेडिएटर, आणि २०१९ साली इंजिनचं काम, ३८ हजाराचं, जे वहीत लाल पेनानं लिहिलंय. त्याच वर्षी पंधरा वर्षं पूर्ण झाली म्हणून पासिंग. तेव्हा नूतनीकरणाची फी ६०० होती. एप्रिल २०२२ पासून ती ५ हजार झाली, त्यामुळे २०२४ ला ५ हजार भरले. २०२५ मध्ये नवी नंबर प्लेट, ७४५ रुपये अधिक जीएसटी. खरेदीची किंमत धरून सगळे मिळून होतात २ लाख ९९ हजार. तेरा वर्षांनी भागा. वर्षाला २३ हजार, म्हणजे महिन्याला दोन हजारांच्या आत. गाडी या काळात साधारण ७८ हजार किलोमीटर चालली. किलोमीटरला पावणेचार-चार रुपये.

आता माझ्या रूम पार्टनरचं गणित. त्याचं नाव लिहीत नाही, कारण तो माझ्याहून सहा इंच उंच आहे. त्याला ऑफर लेटर मिळालंय, पुण्यातली कंपनी, हातात बत्तीस हजार येतील. त्याच्या लॅपटॉपच्या वॉलपेपरवर एक पांढरी एसयूव्ही आहे, पण घेणार म्हणतो साधी हॅचबॅक. सहा लाखांचं कर्ज, सात वर्षं, ९ टक्के. हप्ता येतो ९,६५३ रुपये. सात वर्षांत बँकेला जातात ८ लाख ११ हजाराच्या आसपास, म्हणजे नुसतं व्याज झालं २ लाख ११ हजार. वरचा आकडा पुन्हा बघा. म्हातारीच्या तेरा वर्षांच्या सगळ्या रिपेअरिंगएवढे पैसे, नटबोल्टसकट, हा माणूस फक्त व्याजात देणार आहे. त्यात एक स्पार्क प्लगसुद्धा येत नाही.

आणि गाडीची किंमत? इन्शुरन्सवाल्यांचं घसाऱ्याचं कोष्टक सगळ्यांना ठाऊक पाहिजे. सहा महिन्यांनंतर १५ टक्के, वर्षानंतर २०, दोन वर्षांनंतर ३०, मग ४०, आणि चार ते पाच वर्षांच्या गाडीला ५० टक्के घसारा. म्हणजे सहा लाखांची गाडी पाचव्या वर्षी कागदावर तीन लाखांची. वर्षाला ६० हजार रुपये, रोजचे १६४, गाडी हलली तरी आणि पुण्याच्या पार्किंगमध्ये कव्हर घालून उभी राहिली तरी. हे पैसे कोणी खिशातून काढून नेत नाही म्हणून ते दिसत नाहीत. जुन्या गाडीचा खर्च मात्र दिसतो. तो काळ्या ऑइलच्या हातानं, चुरगळलेल्या कागदावर, ‘भाऊ, इतना हुआ’ म्हणत समोर येतो. म्हणून लोक म्हणतात की जुनी गाडी खर्चिक. अरे, खर्चिक नाही, बोलकी आहे!

सरकारनं सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आणला तेव्हा माझा पार्टनर दोन दिवस मला चिडवत होता. ‘आता बोल!’ बोलतो ना. नवी गाडी स्वस्त झाली की जुनीही स्वस्त होते. ज्याला नवीचे सहा लाख पडत होते त्याला साडेपाच पडले, तर वापरलेलीला जुना भाव कोण देणार?

पण ही पैशाची बाजू झाली, आणि पैसे वाचतात म्हणून कोणी कशावर प्रेम करत नाही. नाहीतर आपल्या मेसवरही प्रेम केलं असतं.

म्हातारीच्या बोनेटखाली वाकून उभं राहिलं की खाली जमीन दिसते. इंजिनच्या दोन्ही बाजूंनी हात जातो. रेडिएटर कुठे, थर्मोस्टॅट कुठे, बेल्ट कुठून कुठे जातो, सगळं समोर. मी अकरावीत असताना आमच्या मिस्त्रीचाचांनी मला थर्मोस्टॅट काढून दाखवला होता, घरच्या चहाच्या पातेल्यात उकळत्या पाण्यात टाकून. तो हळूच उघडला. गॅस बंद केला, पाणी निवलं, तसा तो मिटला. आईनं ते पातेलं नंतर चहाला वापरू दिलं नाही. पुढे थर्ड इयरला व्हायवाला सरांनी विचारलं की थर्मोस्टॅट व्हॉल्व्ह अडकला तर काय होईल. बाकीच्यांनी पुस्तकातली आकृती आठवली, मला पातेलं आठवलं. तो व्हायवा माझा इंजिनिअरिंगमधला एकमेव चांगला गेलेला व्हायवा आहे.

याउलट माझ्या मोठ्या चुलतभावाची नवी गाडी. बोनेट उघडलं की वर काळं प्लास्टिकचं झाकण. त्यावर कंपनीचा लोगो. खाली काय आहे ते फक्त सर्व्हिस सेंटरला ठाऊक. एकदा ‘चेक इंजिन’चा पिवळा दिवा लागला. स्कॅनर लावला, सेन्सर बदलला, बिल हातात आलं. भावानं विचारलं, काय झालं होतं? काउंटरवरचा मुलगा म्हणाला, ‘सर, एरर होता.’ एरर! पुढे माझा भाऊ, जो स्वतः इंजिनिअर आहे, काही बोलू शकला नाही. आता हेही खरं की तो सेन्सर आहे म्हणून गाडीचा धूर कमी आहे आणि मायलेज जास्त. अज्ञानात सुख असतं असं म्हणतात, त्यातलंच हे एक.

जुन्या गाडीचं दुसरं सुख म्हणजे तिची भीती वाटत नाही. म्हातारीच्या टपावर वरूडची संत्री आली, मागच्या सीटवर सिमेंटची पोती आली, शेजारच्या काकूंचं शिलाई मशीन आलं. गल्लीतल्या चार पोरांनी तिच्यावरच ड्रायव्हिंग शिकलं, आणि डाव्या बाजूच्या पत्र्यावर त्या चौघांच्याही सह्या आहेत. चुलतभावाच्या गाडीत बसायचं तर चप्पल झटकायची, कुरमुरे खायचे नाहीत, दार हळू लावायचं. एकदा कोणीतरी बंपरला नखाएवढा ओरखडा पाडला तर त्या घरात दोन दिवस सुतक होतं. मला सांगा, गाडी आपल्यासाठी की आपण गाडीसाठी?

आणि धक्का स्टार्ट! ज्यानं आयुष्यात कधी धक्का स्टार्ट केला नाही त्याला मैत्री कळली नाही असं माझं ठाम मत आहे. गेल्या वर्षी गॅदरिंगच्या वेळी म्हातारी दोन दिवस कॅम्पसवर होती. रात्री अकराला बॅटरी बसली. सेकंड गिअर, क्लच दाबून धरायचा, चार जणांनी ढकलायचं, वेग आला की क्लच सोडायचा. चाकं इंजिनला फिरवतात. तिघांनी ढकललं, एकानं नुसतं ‘जोर लगा के’ म्हटलं (तो आज टीममॅनेजमेंटवर प्रेझेंटेशन देतो). वॉचमन काका शिटी मारत धावत आले आणि शेवटच्या दहा मीटरला त्यांनीच हात लावला.

आता दुसरी बाजू. कारण वहीत जे लिहिलेलं नाही तेही खर्चच आहे.

जुनी गाडी पैसे कमी घेते आणि वेळ जास्त घेते. बाबांच्या किती किरकोळ रजा मिस्त्रीकडे गेल्या त्याचा हिशोब वहीत नाही. ‘उद्या देतो’ म्हणजे परवा, आणि परवा म्हणजे पार्ट नागपूरहून येईल तेव्हा. बावीस वर्षांच्या माणसाकडे पैसा नसतो पण रविवार असतात. चाळिशीतल्या, लहान मुलं असलेल्या माणसाकडे उलटं असतं. म्हणूनच मी म्हणतो की हे वय जुन्या गाडीचं आहे. आपल्या स्टाफपैकी ज्यांना मुलांना सकाळी सातला शाळेत सोडून आठच्या लेक्चरला यायचंय, त्यांना मी हा सल्ला देणार नाही. त्यांनी नवी घ्यावी आणि आमची अटेंडन्स वेळेवर घ्यावी.

आणि ऊन. नागपूरच्या उन्हाळ्यावर मी वेगळं काय सांगू? २३ मे २०१३ ला इथे ४७.९ अंश तापमान नोंदलं गेलं होतं. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्या अशा दुपारी व्हेरायटी चौकात हमखास बंद पडायच्या. इंजिनवर बसवलेल्या पंपात पेट्रोलची वाफ व्हायची, पंप वाफ ओढू शकायचा नाही, गाडी ठप्प. मग पंपावर ओलं फडकं टाकायचं आणि पानठेल्यावर थांबायचं. इंजेक्शनच्या गाड्यांत पंप टाकीत असतो, दाब जास्त असतो, म्हणून तो त्रास राहिला नाही. पण म्हातारीला इंजेक्शन असूनही वय काही चुकलं नाही. २०२२ च्या मे महिन्यात बाबा आजीला डोळ्याच्या तपासणीसाठी नागपूरला आणत होते. बुटीबोरीच्या अलीकडे, दुपारी एक वाजता, पंप गेला. झाड नाही, टपरी नाही. ब्याऐंशी वर्षांची आजी, बाहेर ४५ अंश, आत त्याहून जास्त. दोन तास. एका ट्रकवाल्यानं कॅनमधलं थंड पाणी दिलं आणि आजीला केबिनमध्ये पंख्याखाली बसवलं. आजीला काही झालं नाही, ती आजही त्या ट्रकमधून रस्ता किती उंचावरून दिसत होता ते सांगते. वहीत त्या दिवशीची नोंद एवढीच आहे, ‘फ्यूल पंप, टोइंगसह ६,४००’. बाबांनी त्या दिवसापासून आजीला गाडीनं हायवेवर नेलेलं नाही. वर्धा-नागपूर रेल्वेनं. मला वाटतं त्या ६,४०० च्या नोंदीपुढे जे लिहिलेलं नाही ते पूर्ण वहीतलं सगळ्यात महागडं कलम आहे.

इथेच माझी अट येते. गाडीत जवळजवळ सगळं दुरुस्त करता येतं, पण एअरबॅग आणि चांगला सांगाडा नंतर बसवता येत नाही. २०१४ साली ग्लोबल एनकॅप या संस्थेनं आपल्याकडच्या पाच लोकप्रिय छोट्या गाड्यांची, एअरबॅग नसलेल्या मॉडेल्सची, ताशी ६४ किलोमीटर वेगानं टक्कर घेऊन चाचणी केली. पाचही गाड्यांना मोठ्या माणसांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे मिळाले. चाचणीतला डमी स्टीअरिंगवर कसा आदळतो ते एकदा बघाच. त्यानंतर नियम बदलत गेले. एप्रिल २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं, त्याच वर्षी जुलैपासून ड्रायव्हरची एअरबॅग, आणि २०२१ अखेरपर्यंत शेजारच्या सीटचीही. ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅपच्या चाचण्या आपल्याच देशात सुरू झाल्या.

म्हणून माझी रेघ २०१९ च्या मध्यावर आहे. त्यानंतरची गाडी आज सहा-सात वर्षांची आहे, म्हणजे अर्ध्याहून जास्त घसारा पहिल्या मालकानं स्वखुशीनं भरून टाकलाय. त्याचे आभार मानायचे आणि चावी घ्यायची. त्याआधीची गाडी घ्यायची तर गावातल्या गावात, चाळीस-पन्नासच्या वेगानं. सदर ते धरमपेठ, धरमपेठ ते सीताबर्डी. समृद्धीवर नाही. तिथे कारची मर्यादा ताशी १२० आहे आणि काँक्रीटचा रस्ता उन्हाळ्यात तव्यासारखा तापतो. डिसेंबर २०२२ ला नागपूर-शिर्डी सुरू झाला, जून २०२५ ला शेवटचा टप्पा होऊन पूर्ण ७०१ किलोमीटर झाले, तेव्हापासून होस्टेलवर ‘चल बे, शिर्डी मारून येऊ’ हा नवा रोग आला आहे. जुने, कडक झालेले टायर घेऊन अशा रस्त्यावर जाऊ नका. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. ३२१८ असेल तर तो २०१८ सालच्या बत्तिसाव्या आठवड्यातला. नक्षी शिल्लक असली तरी रबर म्हातारं होतं. आमच्या म्हातारीला समृद्धीवर नेऊ का असं मी एकदा विचारलं होतं. बाबा म्हणाले, ‘तू जा. एस.टी.नं.’

इथे कोणी म्हणेल की मग जुन्या गाड्या भंगारातच टाका ना. सरकारचं धोरणही तसंच आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये स्क्रॅपिंगचं धोरण जाहीर झालं, आणि आपल्या नागपूरचेच खासदार केंद्रात रस्ते वाहतूक मंत्री असल्यामुळे त्यावर इथल्या चहाच्या टपऱ्यांवर जेवढी चर्चा झाली तेवढी बहुतेक दिल्लीतही झाली नसेल. २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांची नूतनीकरणाची फी १० हजार झाली. म्हातारीची पुढची पाळी २०२९ ला. धुराच्या बाबतीत मी जुन्या गाडीची वकिली करणार नाही. एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं, त्यापुढे २००४ ची गाडी म्हणजे चूलच. पण वय बघून सरसकट फाशी देण्यापेक्षा तब्येत बघून निर्णय घ्यावा असं मला वाटतं. वर्षाला सहा हजार किलोमीटर चालणारी, नीट ट्यून केलेली जुनी गाडी आणि साठ हजार चालणारी नवी टॅक्सी यांत शहराच्या हवेत भर कोण जास्त घालतं, हे कोणीतरी मोजायला पाहिजे. आपल्या एन्व्हायर्नमेंटच्या सरांनी फायनल इयरला प्रोजेक्ट द्यावा, मी म्हातारी देतो.

पेट्रोलचीही एक भानगड आहे. २०२५ पासून पंपावर सगळीकडे २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळतं. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी, म्हणजे वीस टक्क्यांच्या मिश्रणात सहा-सात टक्के कमी. थर्मोच्या पोरांनी हे बसल्या जागी काढावं. शिवाय काही जुन्या गाड्यांचे रबरी पाइप आणि गॅस्केट बदलावे लागू शकतात हे सरकारनंही मान्य केलंय, आणि एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्या त्या हिशोबानंच बनतात. म्हातारीचं मायलेज बाबांच्या वहीप्रमाणे १७ वरून १६ वर आलंय. एका गाडीवरून काही सिद्ध होत नाही. मिस्त्रीचाचांनी दोन पाइप बदलले, ४८० रुपये. ऊसवाल्या आणि मकेवाल्या शेतकऱ्याला त्यातून काही मिळत असेल तर बाबांची तक्रार नाही, ते स्वतः शेतकऱ्याच्या घरातले आहेत.

नव्या गाडीबद्दल आपल्याकडे खरं बोललं जात नाही असं एक कारण आहे, ते म्हणजे लग्न. ‘हुंडा नको हो, फक्त पोरीला यायला-जायला गाडी द्या’ हे वाक्य मी आमच्या नात्यात दोन वेळा स्वतःच्या कानांनी ऐकलंय. ती गाडी नेहमी नवीच असते, पांढरीच असते आणि मंडपाच्या दारात फुलं लावून उभी असते. कोणत्यातरी बापानं पीएफ काढून ती आणलेली असते. आपल्या बॅचमधल्या पोट्ट्यांनी निदान यावर तरी विचार करावा. स्वतःच्या पैशानं घेतलेली सात वर्षं जुनी हॅचबॅक त्या फुलांच्या गाडीपेक्षा कितीतरी जास्त इज्जतीची आहे.

आता ज्यांना पटलंय त्यांच्यासाठी मिस्त्रीचाचांकडून ऐकलेलं थोडं. गाडी बघायला जाताना मालकाला आधी सांगू नका की किती वाजता येताय. इंजिन गार असताना सुरू करून बघायचं, गरम करून ठेवलेलं असेल तर तिथेच शंका घ्यायची. ऑइलच्या झाकणाच्या आत पांढरट सायीसारखं दिसलं तर ऑइलमध्ये पाणी जातंय, हेड गॅस्केटचं काम निघू शकतं. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढायचा, आत वाळलेली माती निघाली तर गाडी पुरात बुडालेली आहे. चॅसिस नंबर आरसी बुकशी स्वतः ताडून बघायचा, बँकेचा बोजा उतरलाय का तेही. दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर कोर्टाचे निर्बंध आल्यापासून तिकडच्या बऱ्याच गाड्या एनओसी घेऊन इतर राज्यांत येतात. त्या स्वस्त दिसतात, पण इथला टॅक्स आणि आरटीओचे हेलपाटे धरले की तेवढ्याच पडतात. आणि शेवटचं म्हणजे सोबत एक चुंबक न्यायचं. दारावर, मडगार्डवर फिरवायचं. जिथे चिकटत नाही तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे, म्हणजे गाडी ठोकलेली आहे.

चुंबक आमच्या रूमवर आहे, मागितलं तर मिळेल. पार्टनरनं दोन गाड्या त्यानंच नापास केल्या आहेत आणि तिसरी, २०२० ची, रविवारी बघायची आहे. ज्या वर्कशॉपमधून ते चुंबक आलंय तिथल्या सरांनी हा लेख वाचला असेल तर, सर, सोमवारी परत आणून ठेवतो.